मिळाल्याची पोच

पॅन्ट्रीतल्या सिंकमध्ये एक मोठा मग कायम भिजत पडलेला असे. त्याच्यावर कासवाचे चित्र होते आणि ते कासव बहुतेक वेळ पाण्याखालीच असायचे. तो मग कोणाचा, हे त्या मजल्यावर कोणी बोलून दाखवत नसे. ज्याला आपला कप धुवायचा असेल तो कासव उचलून बाजूला ठेवी आणि काम झाले की पुन्हा पाण्यात सोडून देई. वन्यजीवांच्या रक्षणासाठी बऱ्याच देशांनी मिळून केलेल्या एका कराराचे ते कार्यालय होते. तिथे कासवाला पाण्याबाहेर काढून निघून जाणे कोणालाच बरे वाटत नसावे.

टकळीला इंटर्नशिपमधले पहिले लेखी काम मिळाले ते या सिंकवरूनच. टकळी हे तिचे घरचे नाव. बोलायला लागल्यापासून ती थांबलीच नाही म्हणून मामाने ते ठेवले होते. ऑफिसात ते कळायचे काही कारण नव्हते, पण पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःच ते सगळ्यांना सांगून टाकले. धोरण विभागाच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी तिला समोर बसवून घेतले आणि त्या म्हणाल्या, "करारांची भाषा वाचून येत नाही, लिहून येते. लोक कप न धुता सिंकमध्ये टाकतात, त्याच्यावर एक मसुदा कर. अगदी खऱ्यासारखा. पक्ष, कलमं, अपवाद, सगळं पाहिजे."

टकळीने त्यात जीव ओतला. सिंकच्या मर्यादित क्षमतेची जाणीव ठेवून कप वापरणाऱ्या सर्व पक्षांनी काय करावे आणि काय करू नये, हे तिने कलमवार मांडले. चौथे कलम तिचे स्वतःचे लाडके होते: 'भिजत ठेवणे म्हणजे धुणे, असा अर्थ कोणत्याही परिस्थितीत काढला जाणार नाही.' मॅडमनी मसुदा शांतपणे वाचला. चौथ्या कलमापाशी त्या किंचित रेंगाळल्या. मग भाषा चांगली जमली आहे म्हणाल्या आणि त्यांनी फाइल आपल्याकडे ठेवून घेतली. पॅन्ट्रीच्या भिंतीवर तो मसुदा काही लागला नाही.

खरे काम बेडकाचे होते. चार-दोन देशांच्या दलदलींत राहणारा हा एक लहानसा बेडूक. तो ओरडत नाही. बाकीचे बेडूक गळा फुगवून जोडीदाराला हाका मारतात, हा नुसता एक हात वर करून हलवतो. बेडकांची मोजणी आवाजावरून करायची पद्धत असल्यामुळे ह्याची गणती कधी झालीच नाही, आणि ज्याची गणती नाही त्याच्या दलदलीत भर टाकायला कोणाची हरकत येत नाही. एक प्राणिशास्त्रज्ञ कित्येक वर्षे या बेडकाची बाजू घेऊन कार्यालयात खेपा घालत होते. मागे कोणी त्यांना त्यांच्या नावाने ओळखतही असेल, आता सगळे त्यांना बेडूकसर म्हणत. बेडकाला कराराचे संरक्षण देणारा मसुदा अखेर तयार झाला होता. सगळ्या देशांनी तोंडी होकार दिला होता. उरला होता तो फक्त शेवटचा सोपस्कार.

टकळीचे सगळे या बेडकावर अडले होते. महिनाअखेरीला तिची इंटर्नशिप संपत होती आणि मुदतवाढ मिळावी म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. मॅडमना तिने दोनदा विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आधी बेडूक पार पडू दे. मग तुझं बघू." आईने एवढ्यावरच सगळ्या नातेवाइकांना लेक कायम झाल्याचे कळवून टाकले होते.

सोमवारी मॅडमनी बेडकाच्या मसुद्याचा मेल सगळ्या सदस्य देशांना पाठवला. वरचे पत्र टकळीने लिहिले होते, पण मुदतीची ठरावीक ओळ आणि फाइल मॅडमनी स्वतः जोडली. फाइल जोडणे हे जबाबदारीचे काम आहे, ते आपण इंटर्नवर सोडत नाही, असे त्यांनी जाताजाता सांगितलेही. मेल गेल्यावर त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"झालं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मेलबॉक्सवर लक्ष ठेव," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या शहरातल्या एका परिषदेला निघून गेल्या.

कशासाठी लक्ष ठेवायचे, ते सांगायचे राहिले. त्यांच्या दृष्टीने ते सांगण्यासारखे नव्हतेच. त्या कार्यालयात पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला पाणी ओले असते हे जितके सांगावे लागत नाही, तितकेच हेही.

टकळीच्या घरी मात्र आलेल्या निरोपाला उत्तर न देणे हा गुन्हा होता. 'पोचलीस का' असे आईने विचारले आणि लगेच 'पोचले' आले नाही, तर ती बाबांना फोन करी, बाबा मामाला करीत आणि मामा आपले विजेच्या सामानाचे दुकान नोकरावर सोपवून स्कूटर बाहेर काढी. एकदा टकळी सिनेमाला बसली असताना मामा थेट चित्रपटगृहाच्या मॅनेजरपर्यंत जाऊन आला होता. अशा घरात वाढलेल्या मुलीने मंगळवारी मेलबॉक्स उघडला तर तो रिकामा. बुधवारीही रिकामा. इतक्या देशांना पत्र गेले आणि एकाही देशाला दोन ओळी लिहाव्याशा वाटू नयेत, हे तिला पटेना. बुधवारी रात्री जेवताना तिने हे घरात बोलून दाखवले.

"पोचलंच नसेल गं," आई म्हणाली.

"इतक्या देशांना?"

"मग तर नक्कीच पोचलं नसेल," मामा म्हणाला. "एखादा उर्मट असतो. सगळे कसे असतील? विचारून घे बाई. नाहीतर तुझा बेडूक जायचा, आणि त्याच्या मागून तू."

गुरुवारी सकाळी टकळीने ऑफिसच्या मेलबॉक्सवरून सगळ्या देशांना अत्यंत नम्र भाषेत एक स्मरणपत्र पाठवले. सोमवारी पाठवलेला मसुदा मिळाला असल्याची पोच कृपया तातडीने द्यावी, एवढाच मजकूर. तासाभरात पहिले उत्तर आले: 'मिळाला. आभारी आहोत.' तिला इतके बरे वाटले की तिने उठून खिडकी उघडली. मग उत्तरांची रीघच लागली. तेव्हा ही आनंदाची बातमी कळवायला तिने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, उत्तरं यायला लागली."

पलीकडे परिषदेतले कोणाचे तरी भाषण ऐकू येत होते.

"हॅलो? मॅडम?"

"कोणाचं उत्तर आलं?"

"एकाचं नाही, बऱ्याच जणांचं आलंय. अजून येतायत. सगळे किती सभ्य आहेत, मॅडम. एकानं तर आपल्याला शुभेच्छा पण दिल्यात."

"त्यांना उत्तर द्यायला कोणी सांगितलं?"

"मी. पोच मागितली."

मॅडम उठून बाहेर आल्या असाव्यात, कारण मागचे भाषण ऐकू येईनासे झाले. मग त्या एकेक शब्द सुटा करून बोलल्या, "आता कॉम्प्युटरला हात लावू नकोस. फोनला लावू नकोस. कोणाशी बोलू नकोस. मी निघाले."

त्यांचे धाबे का दणाणले होते, ते असे. सगळ्यांचे आधीच एकमत झालेल्या गोष्टीसाठी देशोदेशींची माणसे पुन्हा एका खोलीत जमवायला नको, म्हणून त्या कार्यालयात एक पद्धत होती. मसुदा पाठवायचा आणि एक मुदत द्यायची. मुदतीत कोणाचेही उत्तर आले नाही, की मसुदा मंजूर. तिला मौनाची मुदत म्हणत. गेली कित्येक वर्षे या पद्धतीने हत्ती, गिधाडे आणि समुद्रगायी विनातक्रार पार पडल्या होत्या. सारा डोलारा कोणीही काहीही न बोलण्यावर उभा होता. आणि शुक्रवार एका दिवसावर आलेला असताना टकळीने एकेका देशाला हलवून बोलते केले होते.

कार्यालयाच्या कायदेसल्लागारांना सगळे वकीलसाहेब म्हणत. त्यांच्या टेबलावर नियमांचे पुस्तक आणि चष्मा पुसायचे फडके यांखेरीज काही नसे. मॅडमनी त्यांना गळ घातली, की 'मिळाला, आभारी आहोत' यात हरकत कुठे आहे?

"हरकत नाहीये," वकीलसाहेब म्हणाले. "पण नियमात हरकतीचा उल्लेखच नाही. मुदतीत उत्तर आलं तर मौन सुटलं, एवढंच लिहिलंय."

"एकानं फक्त शुभेच्छा दिल्यात हो."

"शुभेच्छा म्हणजे उत्तरच की."

मौन सुटले की सभा बोलवावी लागते. सभा बोलवायची तर ज्याने ज्याने मौन सोडले, त्याने कोणत्या मुद्द्यावर सोडले हे कळवावे लागते. त्यासाठी कार्यालयाच्या संगणकावर एक रकाना होता, आणि तो रिकामा ठेवला तर संगणक पुढे जाऊ देत नसे. आता ज्यांनी केवळ सौजन्याने पोच दिली होती, त्या बिचाऱ्यांना मुद्दा शोधणे भाग पडले. वाळवंटातल्या एका देशाने सगळ्यांच्या आधी भरून टाकले: 'कलम चारबाबत चिंता.' बाकीच्यांनी ते पाहिले. हा देश कधी फारसे बोलत नाही, तोच म्हणतो आहे तर कलम चारमध्ये काहीतरी नक्कीच असणार, असा विचार करून त्यांनीही सावधगिरी म्हणून तेच भरले. दोन दिवसांत कलम चार हा जागतिक मतभेदाचा विषय झाला.

बेडूकसर हातात मसुदा घेऊन धापा टाकत आले. "कलम चार मी सकाळपासून वाचतोय," ते म्हणाले. "त्यात एकच वाक्य आहे. 'हा बेडूक दलदलीत राहतो.' एवढंच. यावर यांची काय चिंता आहे? मग कुठं राहावं त्यानं?"

सभा जवळ येत होती तसे बेडूकसर वाळत चालले होते. मॅडम टकळीशी कामापुरतेच बोलत, तेही बहुतेक खुणांनी. एकदाच त्या पूर्ण वाक्य बोलल्या. "हे बघ, सभेत हा बेडूक बुडाला, तर त्याच्याबरोबर तूही बुडालीस." बेडूक पोहतो, असे टकळीच्या अगदी ओठांवर आले होते. पुढे तिला सांगण्यात आले की सभेत लॅपटॉप आणि पडदा तिने सांभाळायचा, आणि काहीही झाले तरी तोंड उघडायचे नाही.

घरी मामाला हे सारे प्रकरण फार आवडले. "म्हणजे तुमच्या ऑफिसात जो बोलेल तो फसला," तो म्हणाला. "मग मुलाखतीत तुझी निवड कशी झाली?" बाबांनी त्याला डोळ्यांनी दटावले, पण हसू त्यांनाही आवरत नव्हते. टकळी त्या दिवशी ताटावरून लवकर उठली.

सभेच्या दिवशी अर्धगोलात मांडलेल्या टेबलांमागे देशोदेशींचे प्रतिनिधी येऊन बसले. अध्यक्ष हे अशा सभांत केस पिकलेले गृहस्थ होते. उघड्या डोळ्यांनी झोपता येते, अशी त्यांची ख्याती होती. बेडूकसर मागच्या रांगेत, निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पालकासारखे बसले होते. मॅडम टकळीच्या शेजारी होत्या.

एवढ्या लांबून आलेली माणसे काही न बोलता परत जाणे शक्य नव्हते. वाळवंटी देशाचे प्रतिनिधी सर्वांत आधी बोलले. बेडकाच्या संरक्षणाला त्यांचा पाठिंबाच होता, पण कमी पाण्याच्या देशांच्या परिस्थितीचा कलम चारमध्ये पुरेसा विचार झालेला नाही, याची त्यांना खंत होती. डोंगराळ देशाच्या प्रतिनिधींना कलम चारची भाषा फार कडक वाटत होती. सवयी एका रात्रीत बदलत नाहीत, त्यासाठी काही अवधी द्यावा, असे त्यांचे म्हणणे पडले. एका मोठ्या देशाने कलम चार बंधनकारक नसावे, ऐच्छिक असावे, असे सुचवले. प्रत्येक जण आधीच्या वक्त्याचे म्हणणे उचलून धरी आणि त्यात थोडी भर घाली. बेडूकसरांचे डोके खाली खाली जात चालले होते. टकळी मुठी आवळून बसली होती. आपली मुदतवाढ एकेका भाषणागणिक लांब जाताना तिला दिसत होती.

शेवटी बेटांच्या एका देशाच्या प्रतिनिधींनी हात वर केला. त्या तरुण होत्या आणि पहिल्यांदाच आल्या होत्या.

"माफ करा, मी नवीन आहे," त्या म्हणाल्या. "सगळे कलम चारबद्दल बोलतायत. ते जरा पडद्यावर दाखवता का?"

अध्यक्षांनी मान हलवली. वकीलसाहेबांनी आपल्या जागेवरून आठवण केली की देशांना अधिकृतपणे जो पाठवला, तोच मसुदा दाखवला पाहिजे. टकळीकडची प्रत चालणार नाही. तेव्हा टकळीने त्या सोमवारी गेलेला मेल उघडला, त्याला जोडलेली फाइल उघडली आणि भराभर खाली येत चौथ्या कलमावर थांबली.

भिंतभर पडद्यावर अक्षरे उमटली: 'भिजत ठेवणे म्हणजे धुणे, असा अर्थ कोणत्याही परिस्थितीत काढला जाणार नाही.'

त्याच्या वर तिसरे कलम दिसत होते. ते कपांच्या तळाशी उरणाऱ्या चहाविषयी होते.

मॅडमच्या फोल्डरमध्ये दोन फाइली शेजारी शेजारी होत्या. एकीचे नाव 'मसुदा अंतिम', दुसरीचे 'मसुदा अंतिम नवा'. एक बेडकाची, एक कपांची. सोमवारी निघायच्या घाईत मॅडमनी जबाबदारीने जी जोडली, ती ही. त्या शुक्रवारी बारापर्यंत टकळी गप्प बसली असती, तर पॅन्ट्रीतला सिंक साऱ्या सदस्य देशांवर बंधनकारक झाला असता आणि बेडूक जिथल्या तिथे राहिला असता.

सभागृहात कोणी हलेना. कमी पाण्याच्या देशांबद्दल बोललेल्या गृहस्थांनी पडद्यावरची ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. डोंगराळ देशाच्या प्रतिनिधींना आपण सवयींबद्दल काय बोललो ते आठवले असावे, कारण ते पेनचे टोपण काढून पुन्हा लावू लागले. फाइल चुकीची आहे, हे सगळ्यांना दिसत होते. पण तसे म्हणायचे, तर ती आपण आज पहिल्यांदाच पाहतो आहोत, हेही म्हणावे लागले असते. आणि अर्धा तास तिच्यावर साधकबाधक चर्चा झालेली होती.

टकळीने मॅडमकडे पाहिले. मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या पडद्याकडे नाही, टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत होत्या. टकळीच्या घशात शब्दांची गर्दी झाली. हा मसुदा माझा आहे, पण मी पाठवलेला नाही. मी नुसती पोच मागितली. फाइल कोण जोडते ते विचारा. बोलायला सुरुवात केली असती तर ती संध्याकाळपर्यंत थांबली नसती. पण इतक्या सगळ्या माणसांना एकाच वेळी गप्प बसलेले तिने जन्मात पाहिले नव्हते, आणि ही शांतता किती मोलाची आहे, हे तिला अचानक उमगले. तिने सगळे शब्द गिळले. कपांची फाइल बंद केली, बेडकाची उघडली आणि पुन्हा चौथ्या कलमावर येऊन थांबली: 'हा बेडूक दलदलीत राहतो.'

वकीलसाहेबांनी नेमका तेव्हाच चष्मा काढून पुसायला घेतला होता. अध्यक्षांचे डोळे आता खरोखर उघडे होते.

"मसुदा पडद्यावर आहे," ते म्हणाले. "कलम चारबद्दल, किंवा इतर कशाबद्दल, कोणाला काही म्हणायचंय?"

काचेच्या खोल्यांत बसलेले दुभाषेसुद्धा श्वास रोखून होते. मागच्या रांगेत आनंदाच्या भरात बेडूकसर उठू पाहत होते. टकळीने दुरूनच असे काही डोळे वटारले की ते मटकन खाली बसले.

"नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी हातोडा आपटला.

बेडूक पार पडला. टाळ्या वाजल्या, पण जरा घाईघाईने, आणि लोक जेवायला निघाले. गर्दी ओसरल्यावर बेडूकसरांनी लांबून टकळीकडे पाहिले. बोलायला त्यांना जमेना. त्यांनी नुसता एक हात वर करून हलवला.

वकीलसाहेबांनी मॅडमना दारातच गाठले. कपांचा मसुदा अधिकृतपणे सर्व देशांना गेलेला आहे, त्याच्यावर मौन सुटलेले आहे आणि सभेत चर्चाही झालेली आहे, तेव्हा तो आता रीतसर प्रलंबित धरावा लागेल, असे त्यांनी फडक्याने चष्मा पुसत सांगितले. मागे घ्यायचा तर पुन्हा सगळ्यांना कळवून मौनाची मुदत द्यावी लागेल. मॅडम बरे म्हणाल्या आणि टकळीला घेऊन पॅन्ट्रीत गेल्या. दार लोटून घेतल्यावर त्या जरा वेळ सिंकमधल्या कासवाकडे पाहत राहिल्या.

"फाइल कोणी जोडली, असं अजून कोणी विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "येत्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत त्याविषयी कोणी काही बोललं नाही, तर तुझी मुदतवाढ मंजूर झाली असं समज."

"मॅडम, पण घरी तर..."

"कोणी म्हणजे कोणीच नाही."

टकळीने तो आठवडा कसा काढला, ते तिचे तिला ठाऊक. थोडे सांगावे आणि थोडे ठेवावे, हे तिला कधी जमलेच नव्हते. एक शब्द निघाला की मागचे सगळे निघणार. म्हणून तिने बोलणेच बंद केले. जेवताना ती हो आणि नको यांपलीकडे जाईना. पहिल्या रात्री आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या रात्री मामाने तिला चिडवण्याचे आपले सगळे हुकमी प्रकार वापरून पाहिले आणि एकही लागू पडला नाही, तेव्हा त्याचाच चेहरा उतरला. बाबांनी टीव्ही बंद केला. घर इतके शांत झाले की शेजारच्या काकू काय झाले म्हणून विचारायला आल्या.

गुरुवारी संध्याकाळी टकळी घरी आली तेव्हा दार मामाने उघडले.

"या, कलम चार," तो म्हणाला.

"मी कोणाला काही बोलले नाही," ती कशीबशी म्हणाली.

"तू कुठं बोललीस? तुझ्या मॅडम बोलल्या," आतून आई म्हणाली. तिने दुपारी ऑफिसात फोन लावला होता. पोर घरी बोलत नाही, तिकडे काही झाले आहे का, एवढेच तिने विचारले. आई फोन करते आहे म्हणजे तिला सगळे समजलेच असणार, असे धरून मॅडमनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सारे सांगून टाकले. "चूक माझीच होती म्हणाली. आठवडाभर मनात ठेवून बिचारीला झोप नव्हती. आणि तो मगसुद्धा तिचाच आहे गं. म्हणे, भिजत घालते आणि मग राहूनच जातं. मी म्हटलं, असं करायचं नाही, चहा झाला की लगेच धुऊन टाकायचा. हो म्हणाली."

टकळी सोफ्यावर बसली. मुदत शुक्रवारी बारापर्यंत होती आणि मौन सुटले होते. ते जिने घातले तिनेच सोडले होते, पण नियम काय सांगतो हे तिला आता पक्के पाठ होते. कोणी सोडले, हे नियम बघत नाही.

शुक्रवारी बारा वाजून गेले. वकीलसाहेब एकदा येऊन गेले, पण ते छत्री शोधत होते. मग टकळीच्या मेलबॉक्समध्ये पत्र आले. कपांबाबतचा मसुदा प्रलंबित असून त्याचा पाठपुरावा त्याची भाषा जाणणाऱ्या व्यक्तीनेच करणे इष्ट असल्यामुळे तिला सहा महिन्यांची मुदतवाढ देण्यात येत होती. खाली मॅडमचे नाव होते, आणि त्याच्याही खाली आणखी एक ओळ: 'मिळाल्याची पोच देऊ नये.'

सवयीने तिची बोटे कीबोर्डकडे गेली. तिने ती मागे घेतली आणि उठून पॅन्ट्रीत गेली. नळ नुकताच बंद झाला होता. सिंक रिकामा होता. कासव जाळीवर पालथे पडून निथळत होते आणि मॅडम हात पुसत उभ्या होत्या. त्यांनी टकळीकडे पाहिले, टकळीने त्यांच्याकडे पाहिले. आईने काल फोनवर काय काय ऐकले, हे दोघींनाही ठाऊक होते.

दोघीही काही बोलल्या नाहीत, आणि त्या कार्यालयात त्याचा अर्थ एकच होतो.